शरीरात कुठे धातू आहे का?

पहिला झटका बसला तेव्हा रेणुकाला हसूच फुटलं. आपलं पोट आपल्याला न विचारता उडी मारू शकतं, हे एकोणपन्नास वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं. बेंबीच्या वर दोन आणि खाली दोन अशा चार चिकट पट्ट्या, त्यांतून निघालेल्या तांबड्या-काळ्या वायरी, आणि उशाशी मायक्रोवेव्हएवढं एक पांढरं यंत्र. त्यावरचा आकडा अश्विनीने आठवरून बारावर नेला तसं पोट पुन्हा आवळलं, ताठ झालं, चार सेकंद तसंच राहिलं आणि मग धप्पकन सुटलं. "कैसा लगरा आंटी? चिंट्यां चलरे सरीका?" अश्विनीने विचारलं. अश्विनी म्हणजे पोट कमी करून देणाऱ्या या सेंटरचा जांभळा कोट घातलेली बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. घरी तेलुगू बोलत असणार, पण आल्यागेल्या बायकांशी तिची हिंदी पक्की हैदराबादी. "हौ, वैसाइच," रेणुका म्हणाली, आणि तेवढ्यात तिसरा झटका आला. तो जरा खोल गेला. पट्ट्यांच्या खाली, चरबीच्या खाली, पार आत, जिथे आपल्याला काही अवयव आहे हे बाईला एरवी पाळीच्या दिवसांतच कळतं, तिथे काहीतरी टोचल्यासारखं झालं. हसू जिथल्या तिथे जिरलं. रेणुकाला ती वस्तू आठवली. आठवली म्हणणंही तसं खोटंच. घरातली एक खोली कुलूप लावून बंद करावी आणि रोज तिच्यासमोरून जाताना भिंत आहे असं समजावं, तसं तिने तेवीस वर्षं केलं होतं. अंगठ्याच्या पेरापेक्षा जेमतेम मोठी, इंग्रजी टी अक्षरासारखी, प्लॅस्टिकची. आणि तिच्या दांड्याला गुंडाळलेली तांब्याची तार.

यंत्रावर अठरा मिनिटं चाळीस सेकंद उरली होती. 'थांबव' एवढा एक शब्द पुरला असता. पण मग अश्विनीने विचारलं असतं, काय झालं आंटी? आणि बाहेर सोफ्यावर मोबाईल बघत बसलेली शिवानी आत आली असती. शिवानी तिची एकुलती एक मुलगी, सव्वीस वर्षांची, गचिबावलीला एका कंपनीत नोकरीला. मराठी बोलते ते निम्मं इंग्रजीत, आणि वाचायला दिलं तर जोडाक्षरापाशी अडखळते. फॉर्म तिनेच भरला होता, मघाशी, टॅबवर, बोटाने भराभर. पेसमेकर? नो. प्रेग्नंट? "मम्मा, ऑनेस्टली सांग हं," असं म्हणून स्वतःच हसून, नो. फिट्स? नो. हर्निया? नो. पाचवा प्रश्न होता, शरीरात कुठे धातू आहे का. "तुझ्या बॉडीत मेटल कुठून येणार, तू काय रोबो आहेस?" शिवानी म्हणाली आणि तिथेही नो करून पुढे गेली. रेणुकाही हसली होती. नाही असं आपण तोंडाने म्हटलं की नुसत्या मानेने, हे तिला आता काही केल्या आठवेना. खाली सही मात्र तिची होती, काचेवर बोटाने केलेली, वेडीवाकडी.

वाढदिवसाची भेट होती ही. सहा बैठका, दर शनिवारी एक. "जिमला तू जाणार नाहीस, डाएट तुझ्याने होणार नाही. हे बेस्ट आहे, नुसतं पडून राहायचं," शिवानी म्हणाली होती, आणि रेणुकाने फारसे आढेवेढे घेतले नव्हते. पाळी जाऊन दीड वर्ष झालं आणि त्या दीड वर्षात पोटाने जे काही मनावर घेतलं ते घेतलंच. साडीच्या निऱ्या बसेनात. वर्गात फळ्यावर वरच्या ओळीत लिहिताना पोट आधी फळ्याला टेकायचं आणि पोरी मागे खुसखुसायच्या. तरी तिने ते चालवून घेतलं असतं. गेल्या महिन्यातल्या बसचं मात्र तिला चालवून घेता येईना. कोठीच्या बाजारातून घरी येताना उत्तमराव बरोबर होते. गर्दीत एक तेलुगू पोरगी चटकन उठली आणि रेणुकाला म्हणाली, "बैठो अक्का, पेट से है ना?" भाबडी पोर, तिचा काय दोष, रेणुकाचे केस रंगवलेले, चेहरा भरलेला. बाकीच्या बायका हसल्या. रेणुकाही हसून बसली असती. पण तिची नजर उत्तमरावांकडे गेली. ते वरचा दांडा धरून उभे होते, आणि मान एकदम वळवून खिडकीबाहेर बघायला लागले ते काचीगुडा येईपर्यंत बघतच राहिले. खिडकीबाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं. त्या संध्याकाळी रेणुकाने ठरवलं की हे पोट गेलं पाहिजे.

"सोला करतू मैं अब," अश्विनी म्हणाली, "थोडा टाइट होता, डरना नक्को." पोट दगडासारखं झालं. रेणुका पंचवीस वर्षं जामबागेतल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवत होती, त्यामुळे तिच्या भीतीलासुद्धा कारणमीमांसा लागायची. सातवीचा धडा, सुवाहक आणि दुर्वाहक. तांबं, ॲल्युमिनियम, चांदी. लाकूड, रबर, काच. एक पोरगा दरवर्षी विचारतोच, टीचर, माणूस सुवाहक असतो का? आणि ती दरवर्षी सांगते, असतो बाळा, म्हणून तर ओल्या हाताने बटणाला हात लावायचा नाही. मग माणसाच्या आत तांबं असलं तर, असं मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं. तारेतून प्रवाह गेला की तार तापते, हाही धडा तिचाच. मनातला एक शहाणा आवाज म्हणत होता की हा प्रवाह काय, खेळण्यातला. कातडीखालच्या स्नायूपर्यंत जाईल फार तर. दुसरा आवाज शहाणा नव्हता. त्याला ती तार दिसत होती, इस्त्रीच्या आतल्या तारेसारखी हळूहळू तांबडी होत जाणारी, आणि तिच्याभोवती तेवीस वर्षांत वाढलेलं मांस.  एसी डोक्यावर होता तरी मानेखालचा टॉवेल घामाने ओला झाला. पडदा लावलेल्या शेजारच्या खणातून दुसऱ्या यंत्राची टुकटुक येत होती. तिथल्या बाईला कसली भीती असेल, की बायका इथे खरंच नुसत्या पडून राहतात?

दोनच वर्षांसाठी होती ती. हे ती स्वतःला इतक्या वेळा सांगत आली होती की त्यातला खरेपणाही झिजून गेला होता, पण होतं ते खरंच. शिवानी तीन वर्षांची. शाळेत रेणुका तात्पुरती, बी.एड. झाल्याशिवाय कायम करणार नव्हते. घरी सासूबाई, विमलाबाई. वाईट बाई नव्हती हो. मुलगाच पाहिजे असला हट्ट त्यांचा नव्हता. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून त्या शिवानीला पाटी गिरवायला लावायच्या आणि पोरीचं कौतुक गल्लीभर सांगायच्या. त्यांचं म्हणणं एवढंच की "लेकरू एकटं पडतंय माय. एकाला दुसरं पाहिजे." उत्तमरावांचंही तेच, फक्त ते बोलून दाखवायचे नाहीत. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात क्लार्क, शांत माणूस. संध्याकाळी शिवानीला स्टेशनच्या पुलावर नेऊन गाड्या दाखवायचे आणि येताना एखाद्या दुसऱ्याच्या बाळालाही कडेवर घेऊन घरापर्यंत यायचे. त्यांना विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते. दोन वर्षं काय, तीन म्हणाले असते. हेच तर तिला कधी कळलं नाही, की जो माणूस हो म्हणणार होता त्याला विचारायला जीभ का उचलली नाही. पहिल्या बाळंतपणातले कळांचे दोन दिवस पुन्हा नको होते, हे एक. आणि विचारलं की त्यावर घरात बोलणं होणार, सासूबाई समजूत घालणार, उत्तमराव मध्ये अडकणार, हे दुसरं. न विचारता होऊन जातंय तर कशाला, असं तिसऱ्याच कुणाच्या तरी डोक्याने तिने ठरवलं.

वर्षाच्या मिरच्या आणायला बेगम बाजारला जाते, असं सांगून ती मार्चातल्या एका सकाळी निघाली. आधी सरकारी दवाखाना. रांगेत आपल्या पुढे बुरख्यातली एक बाई होती, ती सारखी मागे वळून हसायची, एवढं आठवतं. टेबलावर दहा मिनिटं. "खांसो अम्मा," म्हणाली होती नर्स, आणि खोकल्याबरोबर एक कळ मस्तकात गेली. एक गुलाबी कार्ड दिलं, त्यावर तारीख, आणि दहा वर्षांनंतरची दुसरी तारीख. मग बेगम बाजार. न जाऊन कसं चालेल, मिरच्या तर न्यायलाच हव्यात. पोटात मुरडा, डोळ्यांपुढे काजवे, आणि दुकानदार विचारतोय गुंटूर देऊ की ब्याडगी देऊ. मिरचीच्या ढिगापाशी उभं राहून तिने ते कार्ड बारीक बारीक फाडलं आणि गटारात सोडलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिथे सगळ्यांच्याच डोळ्यांतून वाहतं. पाच किलोची पिशवी घेऊन घरी आली तर सासूबाईंनी मिरची हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाल्या, "चांगली बघून आणलीस गं." ती शाबासकी तिच्या अंगावर अजून आहे.

"आंटी, सो गए क्या?" "नै." "बारा मिनट और." आकडा अठरावर होता. रेणुकाने दोन्ही हात पलंगाच्या कडेला घट्ट धरले. दोन वर्षं झाली तेव्हा बी.एड.चा निकाल लागला, ती कायम झाली, आणि आता काढून टाकू म्हणता म्हणता शाळेचं वर्ष संपायचं. चौथं वर्ष, पाचवं वर्ष. काढायला जायचं म्हणजे घातल्याचं कुणाला तरी कबूल करायचं. आणि मग ती बुद्धपौर्णिमा आली. घरात नांदेडची नणंद, तिची माणसं, खिरीचं पातेलं, पंचवीस जण. कुणाच्या तरी दुसऱ्या बाळाचं कौतुक चाललं होतं. विमलाबाई सहज म्हणाल्या, मनात काही नसताना, "आमच्या सुनबाईला एकदा चांगल्या डॉक्टरला दाखवावं म्हणते."  रेणुकाच्या हातात वाढायचा डाव होता. तेव्हा उत्तमरावांनी वाटी खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणजे त्यांच्या मानाने ओरडूनच, म्हणाले, "तिला काही दाखवायचं नाही, आई. तिच्यात काही नाही. माझ्यात हाये."

दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना रेणुकाने विचारलं होतं, "तुम्ही कधी दाखवलं?" तर म्हणाले, "दाखवायला कशाला पाहिजे? तुला एक झालंय. म्हणजे तुझं बरोबर हाये. मधी मला टायफॉइड झाला हुता. मग राहिलं कोण?" पार्सलच्या पावत्या जुळवणारा माणूस, हिशेब बरोबर लावला त्यांनी, फक्त एक आकडा त्यांना कुणी दिला नव्हता. तेव्हा बोलली असती तर? कोवळ्या मेथीची काडी हातात होती आणि शब्द अगदी जिभेवर होते. पण आदल्या दिवशी पंचवीस माणसांपुढे त्यांनी तिच्यासाठी मान खाली घातली होती. ती मान त्यांनी कशासाठी घातली हे आता त्यांना सांगायचं, म्हणजे त्यांना पुन्हा त्या खोलीत नेऊन उभं करायचं. आज नको, असं तिने म्हटलं. आणि दोन-तीन दिवसांत तिच्या लक्षात आलं की आता ती वस्तू काढताही येणार नाही. काढली आणि दिवस राहिले तर? ज्या नवऱ्याने स्वतःच सगळ्यांसमोर आपल्यात दोष आहे म्हणून सांगितलं, त्याच्या बायकोला दिवस राहिले तर काचीगुड्यापासून नांदेडपर्यंत लोक काय म्हणतील? आणि लोकांचं मरू दे. उत्तमराव काय म्हणतील? काही म्हणणार नाहीत. नुसते खिडकीबाहेर बघतील. त्यांच्या चांगुलपणाने दाराला बाहेरून कडी घातली होती, आणि रेणुका आत.

त्यानंतर दोन वर्षं ते कुणा हकीमाची पूड घ्यायचे. रोज सकाळी कोमट दुधातून, तोंड वाकडं करून, नळाशी उभं राहून. दूध कोमट करून द्यायचं काम रेणुकाचं. जास्त गरम नको, जास्त थंड नको. ती बोट बुडवून बघायची. कुणाच्या बारशाला गेले की ते बाळाला घ्यायला हात पुढे करायचे नाहीत. आधी आपण होऊन घ्यायचे, ते बंद झालं. दर रविवारी विहारात मात्र सगळे जायचे. पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं बोलण्यापासून दूर राहीन म्हणायचं असतं तिथे, रेणुकाला खोकला यायचा. इतका नेमाने यायचा की उत्तमराव खिशात खडीसाखर ठेवायला लागले. तिला ते खडे नीट गिळवतही नसत. आणि सासूबाई गेल्या त्या वर्षी, शेवटच्या आजारात, एका दुपारी त्यांनी रेणुकाचा हात हातात घेतला. "माझ्या लेकाला सांभाळून घेतलंस. दुसरी असती तर सोडून गेली असती," म्हणाल्या, आणि सुनेचा हात कपाळाला लावला. रेणुका हात सोडवून घेऊन मोरीत गेली आणि नळ मोठा सोडून उभी राहिली. माणसाने मरताना तरी खरं सांगावं म्हणतात, पण ते मरणाऱ्याने सांगायचं असतं. ऐकणाऱ्याचं काय करायचं हे कुठे कुणी सांगत नाही.

यंत्र एक लांब शीळ घालून बंद पडलं. अश्विनीने पट्ट्या काढल्या. कातडीवर चार चौकोन लालभडक उठले होते. "पैली बार सबकू होता," ती पुसत म्हणाली. तिच्या हाताला पावडरचा वास होता. रेणुकाला वाटलं, या अनोळखी पोरीला सांगणं सोपं आहे. आणि ती बोललीही, पण बोलताना शेवटच्या क्षणी बाजूला सरकली. "मेरी एक टीचर है स्कूल में. उनकू आना है यहां. लेकिन वो कॉपर टी है उनके अंदर. चलता क्या?" अश्विनीचा हात थांबला. "नै नै नै, आंटी! मेटल है ना वो. उनकू बोलो, पैले निकलाके आना बोलके. डाक्टर का लेटर होना." मग तिने रेणुकाच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. "आपकू तो नै है ना?" "मेरेकू कायकू रहती इस उमर में," रेणुका म्हणाली. अश्विनी हसली. बाहेर शिवानीने विचारलं, "सो? हाऊ वॉज इट?" रेणुका म्हणाली, "छान. मुंग्या आल्यासारखं वाटतं."

शनिवार गेला, रविवार गेला. चालताना, बसताना, पोळी लाटताना तिचं सगळं लक्ष बेंबीच्या खाली चार बोटांवर. काही दुखत नव्हतं, आणि न दुखणंही तिला संशयास्पद वाटायचं. मग सोमवारी शाळेत, तिसऱ्या तासाला, ओल लागली. बाथरूममध्ये जाऊन बघितलं तर रक्त. पाळी जाऊन दीड वर्ष झालेल्या बाईला रक्त जावं म्हणजे काय, हे तिने मासिकांच्या पुरवण्यांत वाचलं होतं आणि नको ते सगळं नेमकं लक्षात राहिलं होतं. यंत्रामुळे की तारेमुळे, की दोन्हींशी संबंध नसलेल्या आणखी कशामुळे, कुणास ठाऊक. भिंतीला टेकून ती उभी राहिली. बाहेर पोरी ओळीने पाढे म्हणत होत्या. विचित्र गोष्ट ही, की मरणाचा विचार आधी आला आणि त्याची फारशी भीती वाटली नाही. उत्तमरावांचा विचार मागाहून आला, आणि भीती वाटली ती त्याची. कारण दवाखान्यात ते येणार. ते येत नाहीत असा दवाखाना नाही. साधा दात काढायचा असला तरी ते रजा टाकतात, रिपोर्टांची फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर घेऊन बसतात, आणि डॉक्टरने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तिच्याआधी देतात.

गुपचूप जाता आलं असतं. दुपारी शाळेतून सुटून, डॉक्टरला सगळं सांगून, काढून टाकून, संध्याकाळी घरी येऊन भात लावता आला असता. तेवीस वर्षांचं प्रकरण अर्ध्या तासात मिटलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. घरी येईपर्यंत तिचं तसं पक्कं ठरलं होतं. पण उत्तमरावांनी दार उघडलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काय व्हायलंय तुला? तोंड पांढरं पडलंय." आणि तिच्या तोंडून गेलं, "रक्त जातंय." पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. फोन काढून नंबर लावायला बसले. मंगळवारी सकाळी साडेदहा, काचीगुड्यातल्याच एका लेडी डॉक्टरकडे. "शिवानीला आत्ता नको सांगू, घाबरंल," म्हणाले. रात्रभर ते कूस बदलत होते हे तिला कळत होतं, आणि ती जागी आहे हे त्यांना. आता सांगावं, असं तिने सकाळी चहाच्या वेळी ठरवलं. मग चप्पल घालताना. मग रिक्षात. रिक्षात ते तिच्या बाजूने खड्ड्यांवर लक्ष ठेवून होते, ड्रायव्हरला दोनदा म्हणाले, "आहिस्ता चलो भाई, तबियत ठीक नै." त्या वाक्यानंतर तिला तोंड उघडवेना.

डॉक्टरच्या खोलीबाहेर एका लहान टेबलाशी सिस्टर बसली होती. आत पाठवण्याआधी ती सगळी माहिती लिहून घ्यायची. चाळिशीची बाई, चष्मा केसांत खोचलेला. बाकावर आणखी तीन-चार बायका, एक गरोदर. उत्तमराव खुर्चीच्या कडेवर बसले, फाइल मांडीवर. नाव? रेणुका. उमर? उनचास. ब्लीडिंग कब से? कल से. उत्तरं तेच देत होते, बरोबर देत होते. "बच्चे कितने?" "एक. लडकी." "उसके बाद? ऑपरेशन हुआ? कुछ प्रिकॉशन लिये थे?" सिस्टरने कागदावरून वर न बघता विचारलं. "नै सिस्टर," उत्तमराव म्हणाले. "ऑपरेशन नै, कुछ नै. उसके बाद हुआ इच नै. उसमें इनका कुछ नै. प्रॉब्लेम मेरे में था."

आवाज त्यांनी खाली केला नव्हता. फोन नंबर सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं, सवयीने, पाठ झालेलं. कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. बाकावरची गरोदर बाई त्यांच्याकडे बघायला लागली, आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. छप्पन वर्षांचा माणूस, पांढऱ्या शर्टाचं वरचं बटण लावलेला. रेणुकाला एकदम त्यांचा इतका राग आला की कानशिलं तापली. इतका चांगुलपणा कुणी सांगितला होता तुम्हाला? आणि त्याच दमात स्वतःची लाज वाटली, अंगावरची साडी कुणी ओढावी तशी. सिस्टर 'नॉट कन्सीव्ह्ड आफ्टर' असं काहीतरी लिहीत होती. हे कागदावर जाईल, आत डॉक्टरच्या टेबलावर जाईल, फाइलमध्ये लागेल, आणि ती फाइल हे पिशवीत घालून जपून ठेवतील.

"नै सिस्टर," रेणुका म्हणाली. "वो मत लिखो. कॉपर टी है. अंदर इच है अभी. दो हजार एक में लगाई मैं."

सिस्टरचं पेन थांबलं. "तेईस साल? निकलाए नै?" "नै." "चेक को बी नै आए?" "नै." "अय्यो," सिस्टर म्हणाली, चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर लावला, आधीची ओळ खोडली आणि दुसरी लिहिली. रेणुका तिच्या पेनाकडे बघत होती. बाजूला बघायची हिंमत नव्हती. प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज तेवढा आला, चुरगळल्यासारखा.

उत्तमराव बोलले, पण तिच्याशी नाही. टेबलावर थोडे पुढे वाकून, आपलाच रिपोर्ट विचारायला आलेल्या पेशंटसारखे, त्यांनी सिस्टरला विचारलं, "मतलब सिस्टर, मेरे में कुछ नै था?"

"आपका क्या था अंकल?" सिस्टरला काही कळलं नाही. तिने रेणुकाकडे बघितलं, मग पुन्हा त्यांच्याकडे.  ते मान हलवत राहिले, हो म्हणाल्यासारखी की नाही म्हणाल्यासारखी ते कळत नव्हतं. ओरडले असते, फाइल फेकली असती, उठून चालू लागले असते, तरी रेणुकाला त्यातलं काहीतरी धरता आलं असतं. तेवीस वर्षं तिने या क्षणाची जेवढी रूपं मनात घोळवली होती त्यांत हे नव्हतं, की त्यांना राग यायच्या आधी बातमी आवडेल. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर, अगदी क्षणभर, खरोखरच एक उजेड आला होता. तो तिने बघितला. तो गेलेलाही बघितला.

"तुमच्यात काही नव्हतं," ती मराठीत म्हणाली. "कधीच नव्हतं."

ते तिच्याकडे वळले. डोळे कोरडे होते. "आई गेली की गं, रेणू," ते म्हणाले. "तिला तरी सांगायचं हुतंस."

आतून तिचा नंबर पुकारला. कुणीच हललं नाही म्हणून पुन्हा पुकारला. रेणुका उठली आणि त्यांच्या उठण्याची वाट बघत उभी राहिली. त्यांनी फाइल पिशवीतून बाहेर काढली, तिच्यावरची सुरकुती तळहाताने एकदा साफ केली आणि रेणुकाच्या हातात दिली.

"जा," ते म्हणाले. "तुला बोलवायलेत."

आणि ते बसून राहिले.